शेल्टरमधलं तरुण, अवखळ कुत्रं घरी आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी शेल्टरमध्ये कामाला जाते. पिंजरे धुणं, खाणं देणं, कुत्र्यांना फिरवणं, आणि दत्तक घ्यायला आलेल्या लोकांशी बोलणं. माझ्या घरची भिंगरीही तिथलीच. दहा महिन्यांची असताना आली, आता सहा वर्षांची आहे. खालचे प्रश्न मला दर आठवड्याला विचारले जातात. त्यातले निम्मे मीही कधीतरी कुणाला तरी विचारले होते.

तरुण कुत्रं म्हणजे नेमकं किती वयाचं?

साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं. मोठ्या जातींत हा काळ आणखी लांबतो. सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून कायमचे ४२ दात आलेले असतात, शरीर जवळपास मोठ्या कुत्र्याचं होतं, अक्कल मात्र अजून वाटेत असते. शेल्टरमध्ये या वयाची कुत्री कायम असतात, आणि त्याचं कारण फार गूढ नाही. दोन महिन्यांचं पिल्लू पायात घुटमळलं की सगळ्यांना गोड वाटतं. तेच आठव्या महिन्यात धावत येऊन आजीला पाडतं, तेव्हा घरात त्याच्या नावाने बैठक बसते.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली एक मजेशीर गोष्ट दाखवून दिली. पाच महिन्यांची असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं कमी ऐकत होती, पण अनोळखी माणसाने सांगितलं तर ऐकत होती. ज्यांच्या घरात पंधरा वर्षांचं मूल आहे त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. हा काळ सरतो. अडचण एवढीच की बरीच कुत्री तो सरायच्या आधीच घराबाहेर पडलेली असतात.

पिंजऱ्यात ते सारखं उड्या मारतं, भुंकतं. घरीही असंच करेल का?

पिंजऱ्यासमोर उभं राहून कुत्र्याची पारख करू नका. चारही बाजूंनी भुंकणं, ओळखीचा वास कुठेच नाही, दिवसातून एक-दोनदा थोडंसं फिरणं, आणि जाळीपलीकडून जाणारं प्रत्येक माणूस न थांबता पुढे निघून जाणारं. अशा जागी आपणही जाळी हलवली असती. शेल्टरमधल्या कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या घरी नेलं, तर त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे.

तेव्हा त्याला बाहेर मोकळ्या, शांत जागी न्यायची परवानगी मागा. पहिली दहा मिनिटं सोडून द्या, ती फक्त वाफ जाण्याची असतात. नंतर बघा: जमीन हुंगतं का? मधूनच वळून तुमच्याकडे बघतं का? अंग झाडतं का? हातातला खाऊ घेतं का, की इतकं बावरलेलं आहे की खाऊ दिसतच नाही?

भिंगरी जाळीवर चढायची. पाण्याचं भांडं रोज उलटं असायचं आणि ती त्यावर उभी असायची. पहिल्या दिवशी मी तिला मागच्या अंगणात नेलं तेव्हा तिने मला तीनदा दोरीत गुंडाळलं. विसाव्या मिनिटाला भिंतीलगतचं सगळं गवत हुंगून झालं, आणि ती येऊन माझ्या बुटावर हनुवटी ठेवून पडली. मी तिथेच फॉर्म मागितला.

उलटंही होतं, हे लक्षात असू द्या. कोपऱ्यात गप्प बसलेलं ‘शहाणं’ कुत्रं कधीकधी भीतीने मिटलेलं असतं. घरी महिनाभराने ते उमलतं आणि मग त्याचे खरे उद्योग कळतात.

शेल्टरवाल्यांना काय विचारावं?

टेबलामागे बसलेल्या माणसाला कागदपत्रांचं विचारा: लसींची नोंद, जंताचं औषध कधी दिलं, नसबंदी झाली आहे का, शेल्टरमध्ये कसं आलं, कुणाला चावल्याची नोंद आहे का. बाकी सगळं पिंजरा धुणाऱ्याला विचारा. खात असताना भांड्याजवळ गेलं तर काय करतं, इतर कुत्र्यांशी कसं वागतं, झाडू बघून घाबरतं का, हे त्याला ठाऊक असतं. माझा आवडता प्रश्न: ‘हे तुम्हाला कधी नकोसं होतं?’ याचं उत्तर हसत आणि लगेच मिळालं, तर समजा खरं मिळालं.

घर लहान आहे. चालेल का?

चालेल. अंगण असलं म्हणून कुत्रं त्यात एकटंच व्यायाम करत बसत नाही. ते दाराशी येऊन तुमची वाट बघतं.

मी नोकरी करते, दिवसभर घर बंद असतं. जमेल का?

आठ-नऊ तास कुणीच नाही, मधे फेरी नाही, आणि कुत्रं वर्षभराचं? मी नको म्हणेन. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं, हे खरं. पण ती झोप सलग नसते, आणि लघवी तरी किती वेळ धरून ठेवणार? दुपारी कुणी शेजारी, नातलग किंवा पगारी माणूस येऊन फिरवून जाणार असेल तर जमतं. ती सोय आधी करा, कुत्रं नंतर आणा.

बहुतेकजण कुत्रं आणल्यावर आठवडाभर सुट्टी घेतात, चोवीस तास त्याला चिकटून राहतात आणि आठव्या दिवशी एकदम नऊ तास गायब होतात. कुत्र्याच्या बाजूने बघा, जग बुडल्यासारखंच ते. पहिल्या दिवसापासूनच दाराबाहेर जा आणि अर्ध्या मिनिटाने परत या. मग दोन मिनिटं, मग कचरा टाकून येण्याइतका वेळ. जाताना निरोपसमारंभ नको आणि आल्यावर सत्कारही नको.

एकटं ठेवलं की घर उद्ध्वस्त करतं. मुद्दाम करतं का?

नाही, पण कंटाळ्याने करतं की भीतीने, ते शोधावं लागतं. जुना फोन कॅमेरा लावून ठेवून जा. तास-दीड तास झोपून मग उठून उशी फाडायला घेतली, तर तो बहुधा कंटाळा. त्यावर चघळायच्या वस्तू आणि नाकाचे खेळ हा उपाय. दार बंद होताच पाच-दहा मिनिटांत धाप लागली, लाळ गळायला लागली, दाराच्या चौकटीवर नखं घासायला लागलं, तर ती घबराट आहे. तिथे खेळण्यांनी भागत नाही. पशुवैद्याशी बोला, कधीकधी औषधाचीही गरज पडते. आणि दोन्ही प्रकारांत, परत आल्यावर फाटक्या उशीसमोर उभं करून रागावण्याचा उपयोग शून्य. त्याचा ‘अपराधी चेहरा’ म्हणजे तुमच्या आवाजाला घाबरलेला चेहरा असतो.

पहिल्या दिवशी काय करायचं?

जितकं कमी कराल तितकं बरं.

एक गोष्ट मात्र दगडावरची रेघ: ते पळून जाणार नाही याची काळजी. नवीन कुत्रं हरवण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या काही दिवसांत असतो. त्याला अजून तुम्ही माहीत नाही, घर माहीत नाही, हाक मारलेलं नावही बहुधा नवीन असतं. म्हणून गाडीचं दार उघडायच्या आधी दोरी हातात हवी. घाबरून मागे सरकलं तर पट्टा डोक्यावरून सहज निसटतो, त्यामुळे गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) दोन्ही घाला आणि दोन्हींना दोरी लावा. नाव आणि फोन नंबर असलेला बिल्ला शेल्टरमधून निघायच्या आधीच गळ्यात असू द्या. घराचं दार उघडताना कुत्रं आतल्या खोलीत आहे ना, हे बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. मोकळं सोडणं वगैरे काही महिन्यांनी.

घरात आल्यावर एक कोपरा त्याचा. अंथरूण, पाणी, चघळायला काहीतरी. अंघोळ नको, पाहुणे नकोत, ‘बघा बघा कोण आलंय’ असे व्हिडिओ कॉल नकोत. खाणं शेल्टरमध्ये होतं तेच सुरू ठेवा आणि बदलायचं असेल तर सात-दहा दिवसांत थोडं थोडं बदला. तरीही पोट बिघडू शकतं, तो ताण असतो. रात्री त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाजवळ ठेवा. रडेल म्हणून लांबच्या खोलीत बंद केलं तर जास्त रडेल.

शेल्टरवाले ३-३-३ असं सांगतात: भांबावलेपण जायला तीन दिवस, घराचा रिवाज कळायला तीन आठवडे, आणि हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने. हा काही शास्त्राचा नियम नव्हे, ठोकताळा आहे. पण तीन आठवड्यांच्या आसपासचा टप्पा मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. पाहुणपण संपतं आणि ‘आमचं एवढं गुणी होतं, अचानक काय झालं’ असे फोन येतात. काही झालेलं नसतं, ते आता खरं बोलू लागलेलं असतं.

रोज किती पळवावं, म्हणजे दमून शांत होईल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मी स्वतः सगळ्यात मोठी चूकही इथेच केली.

भिंगरी आली तेव्हा मी ठरवलं, हिला पळवून पळवून दमवायचं. पहाटे एक तास धावणं, संध्याकाळी चेंडू. पहिला आठवडा ती घरी येऊन आडवी व्हायची. महिन्याभराने एक तासात तिला घामही आला नाही असं म्हणायला हवं, कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांना तेवढाच. मी दीड तास केला. तिला दीड तासाची सवय झाली. मी घरात एक धावपटू तयार करत होते आणि पाऊस पडून फेरी चुकली की तीच धावपटू माझ्या पडद्यांवर सराव करत होती. शिवाय वाढीच्या वयात हाडांची टोकं अजून घट्ट झालेली नसतात. मोठ्या जातींत ती दीड वर्षापर्यंतही मऊ राहू शकतात. रोज सक्तीने धावणं, उंचावरून उड्या, चेंडूमागे सारखं गर्रकन वळणं त्यांच्या सांध्यांना मानवत नाही.

तरुण कुत्र्याला व्यायाम लागतो, पुष्कळ लागतो. दिवसाला दोन चांगल्या फेऱ्या आणि थोडा खेळ हवाच. पण त्याला जे येत नसतं आणि आपण शिकवत नाही, ते म्हणजे काहीही न करता बसणं. तेही शिकवावं लागतं, ‘बस’सारखंच.

आधी नाकाला काम द्या. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या वीस कोटींहून जास्त पेशी असतात, आपल्याकडे पन्नास-साठ लाख. अर्धा तास त्याच्या गतीने, जिथे हुंगायचंय तिथे हुंगू देत फिरवलं तर त्याच्या डोक्यालाही काम मिळतं. घरी एक जुना टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर रोजच्या खाण्यातलेच मूठभर दाणे टाका, टॉवेलची सैल गुंडाळी करा आणि द्या. भिंगरीने पहिल्यांदा टॉवेल तोंडात धरून झटकला, दाणे कपाटाखाली गेले आणि ती पंधरा मिनिटं कपाटाखाली नाक घालून फुसफुसत होती. खेळ मी ठरवला तसा झाला नाही, पण त्यानंतर ती दोन तास झोपली.

मग सतरंजी. एक छोटी सतरंजी ठरवा, ती फक्त या कामासाठी काढायची. अंथरा आणि शेजारी खुर्चीत बसा. काही बोलू नका. कुत्र्याने तिच्यावर पाय ठेवला की एक दाणा सतरंजीवर टाका, हातात देऊ नका. बसलं की दाणा, आडवं झालं की दोन. कुल्ला एका बाजूला कलंडला, मान खाली गेली, मोठा उसासा सोडला, की दाणा अगदी हळूच त्याच्या पंज्यांमध्ये ठेवा. तीन मिनिटांत सतरंजी गुंडाळून टाका. रोज दोनदा. आमच्याकडे सहाव्या दिवशी सतरंजी उलगडताच भिंगरी धाडकन तिच्यावर आडवी पडली, नाटकी वाटावी इतकी. आता कुणाच्या घरी गेलो तरी सतरंजी सोबत नेतो.

आणि झोप. रात्री आठच्या सुमाराला हात-पाय चावत सुटणारं कुत्रं बरेचदा दमलेलं असतं. झोप आलेलं मूल चिडतं तसंच. त्याला आणखी खेळवू नका. दिवा मंद करा, चघळायला द्या आणि दुर्लक्ष करा.

मधूनच शेपूट आत घालून घरभर सुसाट धावतं. वेड लागलंय का?

कानात वारा शिरलाय. वासराला होतं तसंच. दोन-तीन मिनिटांत ओसरतं. काचेच्या वस्तू उचला, गुळगुळीत फरशीवर काहीतरी अंथरा, पाठलाग करू नका.

अंगावर उड्या मारतं, हात तोंडात धरतं. काय करू?

उडी मारली की आपण ओरडतो, ढकलतो, त्याच्याकडे बघतो. त्याच्या हिशेबाने हे तीनही बक्षीसच. त्याऐवजी ते जवळ येतानाच, चारही पाय जमिनीवर असताना, दोन दाणे खाली जमिनीवर टाका. तोंड खाली गेलं की उडी राहून जाते. पाहुण्यांनाही दाराबाहेरच दाणे द्या. पाहुणे नियम पाळत नाहीत, हा माझा अनुभव. मग कुत्र्याला पाच मिनिटं आतच ठेवा.

हात धरला तर हात सैल सोडा, झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारा उंदीर. खेळणं पुढे करा. तरीही धरलं तर उठून अर्धं मिनिट दुसऱ्या खोलीत जा. नाकावर मारणं, गुडघा मारणं, तोंड दाबून धरणं यातून एवढंच शिकतं की माणसाचा हात वाईट.

दोरी फार ओढतं.

छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. गळा आवळणारी साखळी नको, लांबत जाणारी चरखीची दोरीही नको. ओढलं की थांबायचं, दोरी सैल झाली की चालायचं. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत घराचा कोपराही ओलांडला जाणार नाही. तरी चालेल.

‘मालक कोण ते दाखवून द्या’ असं सगळे सांगतात. खरं आहे का?

ही समजूत लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिवासात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून वरचढपणाची कल्पना मांडली, आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती घराघरात पोचली. पुढे मेक यांनीच रानातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. गादीसाठी मारामारी नव्हे, साधं कुटुंब. शिवाय कुत्रं काही लांडगा नव्हे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलं की सगळ्याच कुत्र्यांना बक्षीस देऊनच शिकवावं, त्रास देऊन नव्हे. तेव्हा उलटं पाडून दाबून धरायला सांगणारा ट्रेनर भेटला तर नमस्कार करून निघा.

घरात आधीच कुत्रं किंवा मांजर आहे.

दोन कुत्र्यांची पहिली भेट घरात नको, दोघांचीही नसलेली जागा निवडा. दोघं माणसं, दोन कुत्री, मधे चांगलं अंतर, एकाच दिशेने चालत राहायचं. अंतर हळूहळू कमी करा. समोरासमोर आणून ‘घे, हुंग’ करू नका. घरी पहिले काही दिवस खाणं आणि खेळणी वेगळी.

मांजराला उंच जागा हव्यात आणि एक अशी खोली हवी जिथे कुत्रं येऊच शकत नाही. मधे जाळीचं दार लावून आठवडाभर एकमेकांचे वास ओळखीचे होऊ द्या. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा मांजराकडे टक लावून, श्वास रोखून, दगडासारखं थिजलेलं कुत्रं जास्त धोक्याचं. असं दिसलं तर लगेच दूर न्या, आणि ते रोजचंच झालं तर शेल्टरशी मोकळेपणाने बोला.

घरात लहान मुलं आहेत.

मूल आणि नवं कुत्रं एका खोलीत असतील तर मोठं माणूस तिथेच हवं, फोन बाजूला ठेवून. मिठी मारणं नको, झोपलेलं असताना हात लावणं नको, खाताना जवळ जाणं नको. जीभ ओठांवरून फिरवणं, झोप नसताना जांभई देणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्याचा अर्थ ‘आता पुरे’. गुरगुरलं तर रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद पाडली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

पहिल्या आठवड्यात, शेल्टरने ‘सगळं झालंय’ म्हटलं तरी. पार्व्हो (आतड्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार) किंवा कुत्र्यांचा सांसर्गिक खोकला शेल्टरमध्ये लागला असेल तर लक्षणं पुढच्या दोन आठवड्यांत दिसू शकतात. उलट्या, रक्ताचे जुलाब, खाणं पूर्ण बंद, असं काही दिसलं तर थांबू नका. अंग हाताला गरम लागतं म्हणून मात्र घाबरू नका, कुत्र्याचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. रेबीजची लस, डिस्टेंपर-पार्व्होची लस, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध यांच्या तारखा एका वहीत लिहा. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक तुमच्या नावावर नोंदवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप कुत्रं कुठे आहे हे सांगत नाही, सापडल्यावर कुणाचं आहे एवढंच सांगते.

नसबंदीने शांत होईल का, हेही विचारतात. नर भटकणं आणि जागोजागी शू करणं कमी करू शकतो. उड्या, ओढणं, उशा फाडणं मात्र आहे तसंच.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. या वयाचं कुत्रं पिशवीची चेन उघडतं.

शेवटी शांत कधी होतं?

बहुतेक कुत्री दोन-तीन वर्षांची होईतो बरीच निवतात. भिंगरीला अडीच लागली.

आणि नाहीच जमलं तर?

शेल्टरला कळवा, आणि लवकर कळवा. गळ्याशी आल्यावर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. पुष्कळदा एका ट्रेनरच्या भेटीने किंवा दुपारच्या फेरीच्या सोयीने भागतं. नाही भागलं तर परत आणा. आम्ही नावं ठेवत नाही. ओळखीतल्या कुणाला, इंटरनेटवर भेटलेल्या कुणाला देऊन टाकू नका, तिथून पुढे ते कुठे जातं कळत नाही. मनात आधीपासूनच शंका असेल तर कायमचं दत्तक घेण्याआधी दोन-चार आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, मागा, बरीच शेल्टर देतात.

परत आणाल तेव्हा एका कागदावर चार ओळी लिहून आणा: कुठला खेळ आवडतो, कशाला घाबरतं, रात्री कुठे झोपायचं, कुठे खाजवलं की डोळे मिटतं. कुत्र्याच्या वागण्यातलं वाईटही लिहा, लपवू नका. तो कागद आम्ही पिंजऱ्याला लावतो आणि पुढचा माणूस सगळ्यात आधी तोच वाचतो.